नानांच्या चक्करच्या गोळ्या

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्याच्या दवाखान्यात, त्यांच्याच चक्करच्या गोळ्यांसाठी रांगेत उभा होतो. बायको म्हणाली, "बाथरूममध्ये पडले... गेले हो." माझ्या पुढे दोनच माणसं होती. मी गोळ्या घेतल्या आणि मगच निघालो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नाना माझे काका. नागपूरहून भोपाळच्या या कारखान्यात टर्नर म्हणून आले, लेथवर लोखंड गरगर फिरवून कातायचे; आणि माझे वडील गेल्यावर मलाही वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये घेऊन आले, शिकवलं. ते रिटायर झाल्यावर आम्ही गोविंदपुऱ्याजवळ घर घेतलं. तिथंच सहा वर्षांपूर्वी एका सकाळी कूस बदलताना त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. "पलंग लेथवर चढवलास काय रे?" मिनिटभरात गरगरणं थांबलं, पण मग रोजच... कूस बदलली की, वर पाहिलं की.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्यांना आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर घेऊन हळूहळू वळवलं. नाना ओकले; माझं मनगट सोडेनात. बाई म्हणाल्या, "गोलियाँ बस आठ दिन, उलटी के लिए. इलाज ये सिर घुमाना ही है. अगले हफ़्ते फिर लाइए." बाहेर आल्यावर नाना म्हणाले, "मान मोडली असती त्या पोरीनं. तू आपल्या गोळ्याच आण." मला बरंच वाटलं. त्यांना न्यायचं तर माझा अर्धा दिवस जायचा, नुसती औषधाची वही नेली तर अर्ध्या तासात काम. वसाहतीतले सगळेच म्हाताऱ्यांची वही पाठवायचे, माणूस नाही. पुढे बाईंची बदली झाली. नवे डॉक्टर विचारायचे, "पेशंट?" मी म्हणायचो, "घर पे हैं साहब, पहले वाली दवा लिख दीजिए." ते 'रिपीट' लिहायचे. आठ दिवसांच्या गोळ्या सहा वर्षं चालल्या.

तिसऱ्या वर्षी नानांचे हात थरथरू लागले. लोखंडातला सूतभर फरक बोटांनी ओळखणारा माणूस, कपातला चहा अंगावर सांडायचा. पाऊल आखडलं, पाठ वाकली, चेहरा दगडासारखा झाला. आम्ही म्हणायचो, वय झालं. शेजारची सुनंदा नर्स आहे. तिनं एकदा पाकीट पाहिलं. "दादा, या इतके दिवस देत नाहीत. या गोळ्यांनीही हात कापतात. नानांना दाखवून आणा ना." घरात विषय काढला तर नाना म्हणाले, "बंद केल्या अन् पडलो तर?" मी त्यांना समजावू शकलो असतो. महिना संपल्यावर पुन्हा वहीच घेऊन गेलो. नाना गेले त्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट.

तेराव्याला आलेले लोक म्हणाले, मुलासारखं केलंस. मी मान हलवली.

परवा रंगारी आला होता. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीवर हाताचे दोन तेलकट पट्टे आहेत. एक खांद्याच्या उंचीवर, सरळ. दुसरा पार कमरेजवळ, वेडावाकडा, जागोजागी थांबलेला. "साहब, ये दो कैसे?" त्यानं विचारलं. वरचा चक्करमुळे पडला. खालचा मी आणलेल्या गोळ्यांमुळे. त्याला एवढंच सांगितलं, ती भिंत सोडून बाकीचं घर रंगव.