विहिरीकडची राजेळी

होळी गावच्या भालचंद्र चुरींच्या वाडीत तीन पिढ्यांची राजेळी केळी होती. बायको मनोरमा ती पिकवून, सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करायची. सासूच्या हाताखाली शिकलेली ती. सासू गेल्यावरही तिने राजेळीचा वंश राखला.

एक्याण्णव साली सरकारी फळबाग योजना वाडीत पोचली. आंब्याची कलमं मिळणार, खड्ड्यांची मजुरीही सरकार देणार. दर वादळात केळी आडवी होत, त्यामुळे भालचंद्रांना ती लॉटरीच वाटली. कृषी सहायक भला माणूस होता. आंबा मोठा होईतो मधे केळी राहू द्या, असं त्यानेच सुचवलं. पण भालचंद्रांना नीटस बाग हवी होती.

मनोरमा एवढंच म्हणाली, "विहिरीकडची एक ओळ ठेवा."

ती माहेरी अर्नाळ्याला गेली होती, तेव्हा त्यांनी तीही ओळ कोयत्याने उतरवली आणि गड्डे उपटून टाकले. परतल्यावर तिने विहिरीकडची मोकळी जागा पाहिली. मग पदर खोचून कलमांना पाणी घालायला लागली.

कलमं जोमात वाढली, एका वर्षी मोहोरही धरला. पण तोवर भोवती इमारती उठल्या होत्या. शेजारच्या विहिरींतून टँकर भरू लागले, गोडं पाणी उपसलं गेलं आणि खाडीचं आत शिरलं. चहा खारट लागला तेव्हा मनोरमाला आधी कळलं. पानांच्या कडा करपल्या. दोन उन्हाळ्यांत बाग उभी वाळली. कृषी सहायक येऊन बागेत फिरला. झाडं द्यायची योजना आहे, पाणी राखायची नाही, म्हणाला.

भालचंद्र आगाशीला, निर्मळला राजेळीचे मुनवे, बुंध्याशी फुटणारे कोंब, शोधत हिंडले. एक मिळाला. मनोरमाने तो नळाच्या पाण्यावर वाढवला. जमिनीतच मीठ उतरलेलं. तो कोंबातच सडला.

पुढे ठिबक सिंचनाची योजना आली. भालचंद्रांनी हात जोडले. "पाणीच नाही, तर ठिबकणार काय?"

शेवटच्या आजारात मनोरमाला अन्न जाईना. त्यांनी आगाशीहून सुकेळी आणली. तिने एक तुकडा चघळला, बाकीची पानात गुंडाळून परत दिली.

"चांगली केलीय कुणीतरी. तुम्ही खा."

त्यांनी तोंडात घातली. तिने कूस बदलली होती. एवढ्या वर्षांत विहिरीकडच्या त्या ओळीबद्दल तिने त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, तेव्हाही नाही.