देवापुढची वाटी

सुमनमावशी होत्या म्हणून मी आज नाशकात आहे. नाहीतर माझी ट्रंक कधीच गोंदियाच्या गाडीत चढली असती.

मावशी माझ्या घरमालकीण. सरकारी प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुण्यात त्यांचा जन्म गेला. मी खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी नावसुद्धा विचारलं नाही. म्हणाल्या, "कालपासून काय काय खाल्लं? शेवटून सांग." सकाळच्या पोह्यांपासून मागे मागे गाडीतल्या समोशापर्यंत पोचले, तेव्हा कुठे चावी मिळाली. कुणी पोट बिघडलं म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "बिघडलं नको म्हणू. कोणी बिघडवलं, त्याचं नाव सांग." पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी थर्मामीटर. लग्नाच्या पंगतीतही आधी तो भाजीत बुडायचा, मग घास.

मी नववीत शाळा सोडलेली. नाशकातल्याच अंबडच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कोशिंबीर आणि चटण्या माझ्याकडे होत्या. तिथे रोज प्रत्येक पदार्थाची एक वाटी तपासणीसाठी फ्रिजमध्ये ठेवतात. एकदा तपासणीवाले कोशिंबिरीची वाटी घेऊन गेले आणि काही दिवसांनी कागद आला : साल्मोनेला सापडला. कँटीनच्या ठेकेदारांनी मोबाइलवर शब्द शोधला, त्याहून लांब शब्द मिळाला, आणि जाहीर केलं, "हिला साल्मोनेलोसिस झालाय."

मला काहीच होत नव्हतं. जेवणाऱ्या एकाही कामगाराला नव्हतं. तरी फ्रिजला लिंबू-मिरची बांधली, माझा चहा वेगळ्या पेल्यात वरून ओतायला लागले आणि शनिवारी हिशेब करून गावी जा म्हणाले. गावी सांगू काय? आजाराचं नाव मला उच्चारताही येत नव्हतं.

मावशींना रडत सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या थेट कँटीनमध्ये.

"साहेब, साल्मोनेला म्हणजे जंतू. तो पोटात जाऊन जुलाब, ताप सुरू झाला, तर त्या आजाराला साल्मोनेलोसिस म्हणायचं. कागदावर जंतू लिहिलाय, आजार नाय. वाटीला कुठं जुलाब लागतात?"

"पण जंतू वाटीत आला कुठून?" ठेकेदार म्हणाले.

"एखादा काकडीवरून पण येतो. तो वाढला कुठं, ते बघू. वाटीचा दिवस शेवटून सांगा."

फ्रिज, सगळे एका सुरात म्हणाले. त्याआधी? मीच हळूच म्हणाले, "देवापुढे."

नैवेद्याला वेगळी वाटी कशाला, असा ठेकेदारांचाच नियम होता. तीच वाटी सकाळी मी गणपतीपुढे ठेवायची, आणि दुपारची पंगत उठली की फ्रिजमध्ये. देव्हारा भट्टीच्या शेजारी. मावशींनी थर्मामीटर आत धरला. "छत्तीस. जंतूला यापेक्षा चांगली खोली नाशकात मिळायची नाय."

ठेकेदारांचा चेहरा उतरला. "म्हणजे बाप्पामुळे?"

"बाप्पांनी हात लावला नाय, म्हणून ते ठीक हायेत. कामगारांनी ताजं खाल्लं, म्हणून ते ठीक हायेत. आता या पोरीला कपात चहा द्या. आणि पोरी, तू काकडी नुसती भिजवू नको, चोळून धू."

शनिवारी मी कामावरच होते. देवाला तेव्हापासून खडीसाखर.

मावशी आता लेकीकडे कळवणला राहतात. फोनवर अजून शेवटून विचारतात. कधीतरी माझी स्वतःची खानावळ निघेल. त्या दिवशी पहिलं ताट मावशींपुढे ठेवीन, देवाच्याही आधी. थर्मामीटर त्यांनी खुशाल बुडवावा. मी आमटी उकळतीच आणीन.