आंधळगावातली समुद्राची फळी

भंडारा जिल्ह्याला समुद्र लागत नाही. हे मला शाळेत शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं. तरीसुद्धा ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, आंधळगावातल्या आमच्या घरामागं, मी समुद्राच्या लाटेवर उभं राहायची फळी करायला घेतली!

दोष भज्यांचा. रद्दीतल्या मासिकाच्या ज्या पानात भजी बांधून आली, त्यावर एक गोरा माणूस अशाच फळीवर, लाटेच्या माथ्यावर, हात पसरून उभा होता. ते पाहून मी भजी विसरलो. (खोटं आहे. खाल्ली, मग विसरलो.)

"आपल्या तलावात कुठं लाट येते?" माझी धाकटी बहीण शालू म्हणाली.

"म्हशी उतरल्या का येते!"

भंडाऱ्याहून फळीसाठी थर्माकोल आणला, एसटीच्या टपावर बांधून. नागपूरला फायबरचे कूलर बनवणाऱ्या कारखान्यात माझा एक मित्र होता. त्यानं डबाभर रेझिन म्हणजे डिंकासारखा चिकट रस, तो घट्ट करायचं औषध आणि काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड दिलं. "फळीवर कापड टाकजो, वरून रेझिन चोपडजो, बस! औषध जरासंच." आतून फळी कशाची, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जास्त बोललं की आपल्याला येत नाही हे उघडं पडतं.

मुहूर्तही नेमका साधला. साकोलीहून शालूला पाहायला पाहुणे यायचे, तीच सकाळ!

"आज तरी तुहा कारभार बंद ठेव न बापा!" माय कळवळली.

"पाहुणे येईपर्यंत होऊन जाते, माय."

जरासं म्हणजे किती? आमच्याकडं जरासं तिखट म्हणजे मूठभर. त्याच हिशोबानं मी रेझिनच्या डब्यात औषध ओतलं. कापडाआधी एक हात मारून घ्यावा म्हणून ब्रश फिरवला, तर फळी चुरचुरली. जिथं ब्रश फिरे तिथं थर्माकोल खाली बसे! रेझिन थर्माकोल खातं, हे मला त्याचं जेवण सुरू झाल्यावर कळलं. आता निदान कापड तरी टाकावं म्हणून वळलो, तर कापड गायब!

धावत घरात गेलो. पाहुणे येऊन बसले होते. नवरा मुलगा मास्तर, शेजारी त्याचे वडील, कडक पांढऱ्या धोतरात. दोघं बाजेवर, आणि बाजेवर एकही सुरकुती न पडू देता अंथरलेलं... माझं कापड!

"माय, हे कापड..."

"रेशमी आहे न? पाहुण्याइसाठी काढलं," असं म्हणत मायनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

काचेचं कुसळ दिसत नाही, फक्त टोचतं. मास्तर डावीकडं सरके, मग उजवीकडं. वडील बसल्या जागी हळूच उठत आणि पुन्हा बसत. पाहुणचारात खाजवायचं कसं?

"पोरगा लाजून राहिला," माय कौतुकानं पुटपुटली.

"अबे, उभा काहून? पाया पड!" बाबा ओरडले.

मी वाकलो. तसाच, रेझिनच्या हातांनी! मास्तरांच्या वडिलांचे पाय धरले आणि धोतराचा काठ तळहातांना चिकटला तो चिकटलाच.

"सुखी राहा. उठा न बापू."

मी उठेना.

"किती संस्कारी पोरगा आहे जी!" पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. (खाजेचं असावं.) मला उठवायला ते उभे राहिले. मीही जोर केला. माझे हात वर आले, बरोबर धोतरही वर आलं! पाहुण्यांनी दोन्ही हातांनी कंबर धरली आणि मी पुन्हा गुडघ्यांवर आलो. तेवढ्यात मागच्या दारातून भपकन धूर आत शिरला. औषध जास्त झालेला डबा तापून धुमसायला लागला होता!

"आग लागली वो!" माय किंचाळली. बाबा बादली घेऊन मागं धावले.

नेमकी त्याच वेळी शालू पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मान खाली ठेवायची, अशी तिला ताकीद होती. मान खाली, म्हणून तिला आधी मीच दिसलो: जमिनीवर गुडघे टेकलेला, दोन्ही हातांत होणाऱ्या सासऱ्याचं धोतर! ती अशी हसली की पोहे ट्रेभर सांडले.

संपलं सगळं! बहिणीचं जमत आलेलं लग्न मी एका फळीपायी मोडलं होतं. तोवर मास्तर खांबाला पाठ घासायला लागले होते. त्यांनी शालूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तेही खो-खो हसत सुटले!

शालूनंच मग कात्री आणून धोतराचा काठ कापला आणि मला मोकळं केलं. मायनं खोबरेल तेल काढलं. पाठीला तेल चोळत मास्तरांचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत आहे. पण आमची एक अट आहे."

डबा विझवून आलेल्या बाबांचा चेहरा पडला. "सांगा न जी."

"लग्नात हा पोरगा कोणत्याच कामाले हात लावणार नाही."

अट पाळली. शालूच्या लग्नात मी, नवरीचा सख्खा भाऊ, हात मांडीवर ठेवून दिवसभर खुर्चीवर बसलो. शेवटी राहवेना. वरणात काय बिघडायचं, म्हणून बादली उचलली आणि साकोलीकरांच्या पंगतीत शिरलो, तर अख्ख्या पंगतीनं एकदमच पत्रावळींवर हात आडवे धरले!