खिळ्यावरचं पोलकं

चंद्रपूरच्या शिवणक्लासमध्ये आमच्या बाई पॅरिसच्या एका शिंपिणीची गोष्ट सांगायच्या. गेल्या शतकाच्या सुरुवातीची. गरिबाघरची पोर, दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करत मोठी झाली आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. तिकडच्या बाया तेव्हा कमरेला हाडाच्या काड्या घातलेले पट्टे आवळायच्या, धड श्वासही घेता यायचा नाही. हिनं ते पट्टेच काढून टाकले आणि अंगावरून सैल सुटणारे झगे कापले. लढाईत दुकान बंद पडलं, तर परत उघडलं. म्हातारी होईस्तोवर कात्री सोडली नाही. हे ऐकून मी ठरवून टाकलं, आपणही असंच करायचं. मोठी आली होती मी!

बाजाराच्या रस्त्याला खोली घेऊन मी दुकान काढलंही. पाटी रंगवून घेतली. मग ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास लग्न झालं. नवरा मास्तर, भामरागडच्या आश्रमशाळेत. दुकान बंद, मशीन ट्रकमध्ये आणि मी जंगलातल्या दोन खोल्यांत. नदी-नाले भरले की रस्ता बुडायचा. एस.टी. बंद, टपाल बंद, भाजी बंद. मी नवऱ्यावर डाफरायची, "बदली मागा, नाईतर मी वेडी होऊन जाईन इथी." तो म्हणायचा, "मागून तर राह्यलो न." उन्हाळाभर बदलीची वाट पाहायची आणि पावसाळाभर तिथंच सडायचं, असं चाललं होतं.

आश्रमशाळेत शिकलेली एक माडिया आदिवासी मुलगी माझ्याकडे शिवण शिकायला यायची. हात असा, की काय सांगू! बाही लावली तर काखेत चुणी पडायची बिशाद नव्हती. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी चंद्रपूरहून हिरवं कापड मागवलं आणि आहेर म्हणून पोलकं शिवलं. इतकं चांगलं मी आधी काही शिवलं नव्हतं. तिनं ते उलटं करून आतली शिवण पाहिली आणि हसली.

"बाई, आता मले हे घालता येत नाई."

त्यांच्यात लग्न झालेली बाई पोलकं घालत नाही, लुगड्याच्या पदरानंच अंग झाकते, हे मला रोज दिसत होतं. पण डोक्यात शिरेल तर शपथ! मी उसळलेच. "शाळेत घातलं, मंग आता काऊन नाई?"

"तुमचं चंद्रपूरचं दुकान काऊन बंद झालं?"

"लग्न झालं म्हणून."

"मंग?" ती म्हणाली आणि पोलकं माझ्याच हातात दिलं.

पॅरिसच्या बाईनं अंगावरचं काढून बाया मोकळ्या केल्या. इथं एकीला अंगात घालायचं होतं, आणि मला काही करता येत नव्हतं. राग कोणावर काढावा कळेना. नवऱ्यावर काढला.

लग्नानंतर एका बाजाराच्या दिवशी ती आली. दाराला आतून कडी घातली, खिळ्याला लटकवलेलं पोलकं काढून घातलं आणि मशीनवर बसली. बडबड करत माझं राहिलेलं काम उरकलं. जाताना पोलकं परत खिळ्यावर. मग दर बाजाराला तेच.

"घरी घालत जा की लपून," मी एकदा म्हटलं.

"घरात सासू, बाहेर गाव. लपाले जागा कुठी आहे?"

पावसाळ्यात तिचा रस्ता बंद झाला की पोलकं नुसतं लटकून राहायचं. नाल्यापलीकडे ती अडकलेली, अलीकडे मी.

शेवटी एका उन्हाळ्यात बदलीचा हुकूम आला. गडचांदूर, चंद्रपूरच्या बाजूला! मी अंगणात नाचायचीच बाकी राहिले. बाजाराच्या दिवशी ती आली, तर दारातूनच ओरडले, "सुटलो बापा आम्ही!" तीही हसली. कडी घातली, पोलकं घातलं आणि माझ्यासोबत भांडी बांधू लागली. बांधता बांधता तिनं विचारलं, "नवीन गुरुजी बायको आणते का?"

"नाई, तो एकटाच आहे."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मंग मी कुठी घालू?"

एवढी साधी गोष्ट माझ्या मनातही आली नव्हती. "घेऊन जा तू हे," मी कसंबसं म्हटलं. तिनं मानेनंच नको म्हटलं. पोलकं काढून घडी केली आणि माझ्या ट्रंकेत ठेवलं.

"अवं, मले ते होत नाई." मला रडू आवरेना.

"घाला म्हणते कोण? तुम्ही निघून राह्यल्या न, त्यालेही न्या."

पदर सारखा करून, कडी काढून ती बाजारात निघून गेली. इतकी वर्षं मी बदली मागत होते, ती माझ्या एकटीचीच.