चुकीच्या जागी आमेन

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसती वाफ. मग हळूहळू तिच्यातून इस्पितळाच्या तळघरातला धुलाईखाना दिसू लागतो. तीन मोठी यंत्रं, ओल्या कपड्यांच्या ढकलगाड्या, घाम फुटलेलं छत. डावीकडच्या भिंतीत एक लोखंडी आकडा. त्यात चादरीची दोन टोकं अडकवून, उरलेली दोन हातांत धरून एक बाई मागे मागे सरकते. चादर ताणते, झटकते, पुढे येते, घडी घालते. चादरीची घडी हे खरं तर दोघींचं काम. पण तिथे बायका सात. तीन जोड्या लागल्या की एक उरणार. "मी उरते," असं हिनेच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं.

सगळे तिला घडीवाली म्हणत. माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. रंगभूमीवरून कायमचं उतरताना माझ्या हाती राजाचा एक मखमली अंगरखा तेवढा लागला होता. तो मी एकदा तिच्याकडे धुवायला नेला. तिने तो उलटा करून बघितला.

"काका, राजाला घाम फार यायचा का हो?"

"राजाला नाही, मला. प्रवेश विसरलो की यायचा."

"म्हणजे बरेचदा विसरलात," ती म्हणाली आणि अंगरखा टबात बुडवला.

तिचा नवरा तुंबलेली गटारं मोकळी करायचा. एका बुधवारी दुपारी तो खाली उतरला आणि वर आला नाही. आत वायू साठला होता. त्याच्या कचेरीच्या कागदावर लिहिलं गेलं की तो दारूच्या नशेत, कोणी सांगितलेलं नसताना, स्वतःहून उतरला. ज्याने दारू प्यायला नको म्हणून चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा प्यालाही ओठाला लावल्यासारखा करून पुढे सरकवला, त्याच्याबद्दल हे. तिला दुसरं काही नको होतं. कागदावरची ती ओळ खोडली जायला हवी होती.

त्यासाठी साक्षीदार हवा. त्या दुपारी वर दोघे होते. उतर म्हणणारा मुकादम, आणि ज्याने वरून दोर धरायचा तो दोरीवाला. दोघेही तिच्याच चर्चच्या मंडळीतले. मुकादम तर मंडळीचा पंच, पहिल्या बाकावर बसणारा. तो दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. खलनायक मी पुष्कळ रंगवलेत, हा त्यांतला नव्हता. त्यालाही वरून ताकीद होती, रस्ता संध्याकाळच्या आत मोकळा झाला पाहिजे म्हणून. खाली उतरणारा माणूस कोणाच्याच खिजगणतीत नव्हता, इतकंच.

पाळक समाचाराला आले. भिंत पातळ असल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"देवाची इच्छा, बाई. मनात कडूपण ठेवू नका."

"देवाची असेलही, पाळकसाहेब. पण आधी मुकादमाची होती."

त्यांच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष द्यायची पद्धत होती. कोणीही उठावं, आपलं दुःख सांगावं, देवाने त्यातून कसं तारलं ते सांगावं, उपकार मानावेत. मग सगळे आमेन म्हणणार. आमच्या नाटकासारखंच सगळं बसलेलं. एका संध्याकाळी ती माझ्या दारात आली.

"काका, चार लोकांत उभं राहून बोलायचं कसं?"

मला हुरूप आला. म्हटलं, "आधी श्वास घे. नजर शेवटच्या बाकावर. आणि प्रत्येक वाक्यानंतर थांब. घाई केलीस की शब्द वाया जातो."

त्या रविवारी शेवटच्या बाकावर मीच जाऊन बसलो. ती उठली. आवाज माझ्यापर्यंत पोचला.

"माझा नवरा बुधवारी दुपारी गेला." थांबली.

"तो प्यायलेला नव्हता." थांबली.

"त्याला दोर न बांधता खाली उतरवलं." आणि थांबली, मी शिकवलं होतं तशी.

डोळे मिटून बसलेल्या मंडळीला वाटलं, साक्ष संपली. वर्षानुवर्षांच्या सवयीने सगळे एका सुरात म्हणाले, "आमेन." मुकादमाचा आवाज सगळ्यांत भरदार.

आपण काय बोलून गेलो ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. डोळे उघडले. ती अजून उभीच.

"याला आमेन म्हणू नका," ती म्हणाली. "माझं बोलून झालेलं नाही."

तेवढ्यात बाजाची पेटी वाजवणाऱ्या बाईने घाबरून गीत सुरू केलं. मंडळीला हायसं वाटलं. चारही कडवी दणक्यात झाली. ती ओठ मिटून उभी होती, आणि गीत संपल्यावर खाली बसली. नाटकात मी कितीदा तरी तोंडघशी पडलोय, पण इतका ओशाळलो नव्हतो. ती थांबायची जागा माझी होती.

नंतर तिला कोणी वाकडं बोललं नाही. फक्त तिचा बाक रिकामा होत गेला. आधी शेजारीण दुसऱ्या बाकावर गेली, मग पलीकडचं कुटुंब. दारात भेटले की म्हणत, "प्रार्थनेत तुमची आठवण काढतो हं." ती मला म्हणाली, "आठवण काढणारे ढीगभर आहेत, काका. शेजारी बसायला कोणी नाही."

"दुसऱ्या मंडळीत जा."

"का म्हणून? घर माझं आहे. उठायचंच असेल तर त्यांनी उठावं."

"आणि देवावर राग नाही?"

"आहे ना. म्हणून तर जाते. रागावलेलं माणूस कुठे जातं? ज्याच्यावर रागावलंय त्याच्याच दारात."

असे अकरा महिने गेले. संध्याकाळी भिंतीपलीकडे एका ताटाचा आवाज यायचा, एकच पेला ठेवल्याचा, मग पुटपुटणं. ती देवाशी बोलायची. मधेच गप्प व्हायची, जणू त्याचं वाक्य यायचं आहे. मग दिवा बंद.

एका सोमवारी सकाळी मी दारात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ती कामावर निघाली होती. तेवढ्यात जिन्यावरून दोरीवाला आला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "वहिनी, त्या आमेनमध्ये माझाही आवाज होता."

ती कुलूप हातात घेऊन उभी राहिली.

"तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. सगळे म्हणतात, मी नुसते ओठ हलवतो. दोर गाडीतच होता. मुकादम म्हणाला, पाच मिनिटांचं काम, दोर कशाला. मी काढला नाही. तो खाली गेला तेव्हा माझे हात रिकामे होते, वहिनी."

"तो प्यायलेला होता?"

"नाही."

"कचेरीत सांगाल?"

"सांगेन. नोकरी जाईल माझी."

"जाईल," ती म्हणाली. तिला खोटा धीर देता येत नसे.

त्याने हात जोडले. "आधी मला क्षमा केली म्हणा. तेवढं ऐकलं की अंगात बळ येईल."

असा प्रवेश मी डझनभर नाटकांत केलाय. इथे नायिका त्याच्या खांद्यावर हात ठेवते, प्रकाश मंद होतो, प्रेक्षक रडतात. वर्तमानपत्र खाली ठेवून मी, खोटं कशाला सांगू, त्याचीच वाट बघत होतो.

तिने आत जाऊन कचेरीचा तो कागद आणला आणि पिशवीत घातला. कडी लावली, कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. त्याच्याकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं, अकरा महिन्यांत प्रथमच मंडळीतलं कोणीतरी तिच्याजवळ येऊन उभं राहिलं होतं.

"चला भावजी," ती म्हणाली. "कचेरी दहाला उघडते. क्षमेचं वाटेत बघू."