चढावरचा नवस

आमच्या फाट्यावरून दोन रस्ते निघतात. डावीकडचा एरंडोलला जातो, म्हणजे माझ्या कॉलेजकडे आणि चौपदरी हायवेकडे. उजवीकडचा पद्मालयाच्या टेकड्यांकडे, जिथे गणपतीचं देऊळ आहे. डावीकडे मी रोज सायकलने जाते आणि त्याबद्दल कधी कुणी काही बोललं नाही. मला सांगायचं आहे ते उजवीकडच्या रस्त्याबद्दल.

सायकल मला आठवीत शाळेतून मिळाली. वर्गातल्या सगळ्याच मुलींना मिळाली होती. बाकीच्यांच्या सायकली त्यांच्या भावांकडे गेल्या. मला भाऊ नाही; आमच्या घरात भाऊ म्हणतात ते वडिलांना. त्यामुळे माझी सायकल माझीच राहिली. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, म्हणून भाऊंनीच तिला नवे टायर टाकून दिले.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी एकदा वर्गात उत्तर देताना माझ्या तोंडून 'आहे'च्या जागी घरचं 'शे' निघून गेलं. मागच्या बाकावरून आठवडाभर 'शे, शे' ऐकू येत होतं. घरी बोलायचं ते वेगळं आणि तिथे बोलायचं ते वेगळं, दोन्हीकडे मी आधी मनात वाक्य तपासायला लागले होते. त्याच सुमारास एका रविवारी सकाळी मी फाट्यावर उजवीकडे वळले. का वळले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्या रस्त्याला रविवारी सकाळी कुणीच नसतं. आधी दोन्ही बाजूंना कापूस आणि दादर ज्वारी, मग शेतं संपतात आणि साग सुरू होतो. गाडी नाही, हॉर्न नाही. माझ्याच मडगार्डची खडखड तेवढी ऐकू येते, आणि चढ लागला की माझा श्वास. सुरुवातीला मी चढाच्या निम्म्यावर उतरून सायकल हाताने ढकलायचे. दिवाळीनंतर एकदा न उतरता वर पोचले. वर थांबून पाणी प्यायले. खाली दूरवर आमच्या गावाची टाकी अंगठ्याएवढी दिसत होती. तिथे मला कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं. उतारावर पाय न मारता सायकल पळायची आणि डोळ्यांतून पाणी यायचं, वाऱ्याने.

देवळापर्यंत मी क्वचितच जायचे. चढ आणि उतार, एवढंच.

फाट्यावर नानांची चहाची टपरी आहे. नाना भाऊंचे चुलते. फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे चाललास ते विचारणं हा त्यांचा हक्कच आहे, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही. एका रविवारी जळगावहून सायकलवाल्यांचा एक गट आला. हेल्मेट, काळे चष्मे, बोटभर जाडीचे टायर. त्यांच्यात माझ्या मायच्या वयाच्या एक बाई होत्या. नानांनी विचारलं, तसं त्या हसून म्हणाल्या, "काही नाही हो काका, सहज फिरायला. किती शांत रस्ता आहे तुमचा!"

नानांनी खांद्यावरच्या टॉवेलने बाकडं पुसलं. "बठा ना ताई, बठा. च्या लेवा." मग गावातल्या दोघा-तिघांना हाक मारून सांगितलं, "देखा, इतला लांबथून फिराले उनात!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी बाजूला सायकल धरून उभी होते. मलाही आपला रस्ता आवडला म्हणून बरं वाटलं.

पुढच्या रविवारी नानांनी मला विचारलं, "कोठे चालनी वं?"

आधी मी काहीतरी पुटपुटून निघून जायचे. त्या दिवशी मी थांबले आणि खरं तेच सांगितलं. "फिराले, नाना."

"काय काम शे तिकडे?"

"काम नही. सहज."

नाना हसले. बाकड्यावरचे दोघंही हसले. "ढोर फिरतस, पोरी. मानूस कामले जास."

मीसुद्धा हसले. मला तो विनोद वाटला. आमच्याकडे मुलगी फिरते म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आठवड्यापूर्वी तोच शब्द त्याच बाकड्यावर किती सरळ वाटला होता.

संध्याकाळपर्यंत तो शब्द आमच्या घरी पोचला होता. तुमची आंडेर फिरते, तुमची पोरगी फिरते. सुनसान रस्त्याला फिरते. एकटी फिरते. कोण भेटतं तिथे, असं कुणी तोंडावर विचारलं नाही, पण माय विहिरीवरून आली ती घागर आपटतच आली.

"पाला आनाले जास, इतलं सांगतीस तं काय बिघडतं?" ती म्हणाली. "तोंड शे का काय शे!"

भाऊ ओरडले नाहीत. ओट्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "एक काम सांग. कोनतंबी. मी बठ्ठास्ले, सारा गावले, सांगी देसू."

मी विचार केला, अगदी खरोखर केला. तिकडे आमचं शेत नाही, नातेवाईक नाही, झेरॉक्सचं दुकान नाही. "काम नही शे, भाऊ," मी म्हटलं. "माले ते आवडस."

"आवडस, हाई काम नही व्हस," भाऊ म्हणाले. रागाने नाही. हिशोब जुळत नसला की म्हणतात तसं.

पुढचे काही रविवार मी घरी होते. धुणं धुतलं, अभ्यास केला, म्हणजे पुस्तक उघडं ठेवलं. भाऊ येता-जाता माझ्याकडे बघायचे. एका सकाळी ते फाट्यावर जाऊन आले आणि मला म्हणाले, "जाय मंगळवारले. सांगी दिधं मी. मनी आंडेरना नवस शे, गणपतीना. एकवीस मंगळवार, सायकलवर."

भाऊ माझ्यासाठी खोटं बोलले होते, तेही नानांशी, सगळ्या बाकड्यासमोर. मला इतका आनंद झाला की मी लगेच सायकलची हवा तपासायला गेले. आपण दोघं मिळून गावाला फसवतोय, असं मला वाटलं, आणि वडिलांशी इतकं जवळचं मला कधीच वाटलं नव्हतं.

मंगळवारी माझा पहिला तास उशिरा असायचा. मी पहाटे निघायचे. नाना टपरीतून हात जोडायचे, "मोरया!" म्हणायचे. पण नवसाची सायकल मोकळी जात नाही, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारची काकू नारळ द्यायची. कुणी दूर्वांची जुडी, कुणी हळदकुंकवाची पुडी. परत येताना प्रत्येकीचा प्रसाद वेगळा बांधून आणायचा. हँडलला दोन पिशव्या लटकल्या की चढावर सायकल डोलायची. वर थांबले तर उशीर व्हायचा, आणि उशीर झाला की प्रसादाची वाट बघणाऱ्या बायका विचारायच्या. उतारावर नारळ एकमेकांवर आपटायचे, म्हणून ब्रेक दाबून उतरायचे. तरीसुद्धा मी म्हणायचे, रस्ता तर तोच आहे ना.

"नवस कसाना शे वं?" काकूने एकदा विचारलं.

"सांगतस का कोनी!" दुसरी म्हणाली. "नवरानाच आसी, आखो कसाना!" सगळ्या हसल्या. मी नाकारलं नाही. नाकारून काय सांगणार होते?

शेवटचे काही मंगळवार उरले होते, तेव्हा स्थळ आलं. मुलगा सुरतला कारखान्यात नोकरीला, घरची शेती, माणसं सभ्य. माझ्याशीही ते नीट बोलले. माझं कॉलेज पूर्ण होऊ द्यायलाही ते तयार होते. नानांनी फाट्यावर जाहीर केलं, "पाव्हना उना, म्हंजे गणपती पावना!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की चहा उतू गेला. त्यानंतर मला ते स्थळ हवं का, हे कुणी विचारलं नाही. देवाने दिलेल्याला कुणी नको म्हणतं का?

एकविसावा मंगळवार झाला. दोन दिवसांनी भाऊ गोठ्यात वैरण टाकत होते. मी म्हटलं, "भाऊ, तुम्हीच सांगा ना फाटावर, आखो पाच मंगळवार बाकी शेतस. कोन मोजस?"

"नवस फिटना," ते म्हणाले. "आते कसाले?"

"पन तो तं खोटाच व्हता."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "खोटा नही व्हता. देवनं नाव लिसन खोटं बोलाना माले धीर नही व्हयना. फाटावर सांगाना आगोदर मी खरंच नवस बोलेल व्हतू."

"काय बोलनात?"

"आंडेरले चांगलं घर भेटो."

ते हे अगदी प्रेमाने म्हणाले. मी गणपतीला चढ चढून जावं आणि त्याने मला घर द्यावं. म्हणजे प्रत्येक मंगळवारी, पिशव्या सांभाळत, दम लागेपर्यंत पायडल मारत मी तेच मागत वर गेले होते, आणि मला ते माहीत नव्हतं. खाली येताना, ब्रेक दाबून का होईना, मला वाटायचं की अजून थोडं माझं उरलंय.

मी भाऊंवर चिडायला हवं होतं. चिडताही आलं नाही. त्यांनी मला रस्ता मिळवून दिला होता, त्यांना जमेल त्या एकाच वाटेने. मी विचारलं, "माले नही म्हनता येई का?"

भाऊंनी पेंढी पुन्हा उचलली, सोडली आणि बैलापुढे नीट पसरली. "देव पावल्यावर?" ते म्हणाले. आणि मी काय उत्तर देते याची ते खरोखरच वाट बघत होते, असं मला वाटलं. माझ्याकडे तेव्हाही सांगायला काही काम नव्हतं.