उरणच्या हळदीत घेतलेलं नाव

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली, तेव्हा तिच्या भोंग्याने घारापुरीच्या लेण्यांतल्या एखाद्या देवाने तरी कूस बदलली असेल. आम्ही निघालो होतो उरणजवळच्या एका गावी, आमच्याबरोबर नर्सिंग शिकलेल्या हिराच्या हळदीला. आम्ही म्हणजे मी (इंदू माझं नाव) आणि माझी मैत्रीण मालती.

मालतीला बँकेतल्या एका कारकुनाचं स्थळ सांगून आलं होतं. माणूस सज्जन, दातसुद्धा सरळ. सोमवारी तिला वडलांना उत्तर द्यायचं होतं. आणि हे स्थळ येण्याच्या थोडंच आधी, हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या आड, मी तिचा मुका घेतला होता आणि तिने माझा. एवढा वेळ, की ओल्या चादरी वाळून कडक झाल्या. तेव्हापासून आम्ही फक्त थर्मामीटर आणि बेडपॅन यांविषयी बोलत होतो. तिला तो पोरखेळ वाटला की आणखी काही, हे विचारायचा मला धीर नव्हता. वॉर्डातल्या पैलवानांना दरडावून इंजेक्शन देणारी मी!

मोरा बंदरात ओहोटी. लाँच धक्क्याला लागेना, म्हणून होडीत उतरलो. होडी रुतली, म्हणून चिखलात. मी गुडघ्यापर्यंत आत गेले. (घरी सांगताना गळ्यापर्यंत सांगितलं.)

"बाय, नाचू नको! नाचशील तेवरी खाली जाशील!" होडीवाला ओरडला.

मालतीने दोन्ही हातांनी ओढून मला वर काढलं आणि लगेच हात सोडला. माझी एक चप्पल तिथेच गेली. आता कराचीला लागली असेल.

पुढे टांगा. दोन्ही बाजूंना मिठागरं, आणि मिठाचे ढीग असे पांढरे, की घोडासुद्धा डोळे मिचकावत चालला होता.

हिराच्या दारात मांडव भरला होता. जाताक्षणी पानात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पडली. भाकरी इतकी पातळ, की पलीकडची पाहुणी दिसावी. चटणी इतकी जहाल, की पाहुणी दिसेनाशी व्हावी.

मग धवलारीण (लग्नात गाणी म्हणत विधी करवणारी बाई, इथे भटजीआधी तिचा मान) पाटाजवळ बसली. त्या घरची रीत अशी, की हळद लावायला येईल तिला धवलारीण विचारणार, "कुनाची गो तू?" लग्न झालेलीने नवऱ्याचं नाव सांगायचं, कुमारिकेने बापाचं. ते नाव लगेच गाण्यात गुंफलं जायचं आणि सगळा मांडव ते म्हणायचा.

मालती उठली. हिराकडून स्थळाचं ऐकलेली तिची मावशी खट्याळपणे ओरडली, "बापाचं नको! हिची सोयरीक आलीय, त्या बँकवाल्याचं नाव घे गो!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. मी भाकरीचा घास तसाच तोंडात धरून बसले. तिने नाव घेतलं, की माझ्यापुरता निकाल लागला.

"कुनाची गो तू?"

मालतीने हळदीत हात बुडवला. "इंदूची."

मांडव हसून पडायचा राहिला. "मेली सोंगाडी हाय!" मावशी म्हणाली. धवलारीण मात्र हसली नाही, की अडखळली नाही. तिने सूर लावला,

"इंदूची मालती आली गो, हलद लावाया आली..."

आणि चारशे बायकांनी ते उचललं. बरं, चाळीस. म्हाताऱ्या धवलारणीने माझ्याकडे वळून गालाला हळद फासली. "तोंड मिट गो. माशी जाईल."

दुसऱ्या दिवशी ड्युटी होती, म्हणून संध्याकाळच्या लाँचने परत फिरलो. कठड्याशी उभं राहून मी विचारलं, "मालू, ती गंमत होती?"

"एवढ्या लोकांत गंमत करायला मी काय तू आहे?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बेडपॅनमधून डोकं वर काढशील तर ना!"

मी इतकी मोठ्याने हसले, की सुकाणूवरचा तांडेल वळून बघायला लागला. मालतीने पदराखाली माझा हात धरला, आणि या वेळी सोडला नाही.

सोमवारी तिने नकार कळवला. घरी रडारड झाली, वडलांनी अबोला धरला, आणि पुढेही आमचं काही सोपं नव्हतं. लोकांना आम्ही शेवटपर्यंत मैत्रिणीच. प्रवासाने माणसाला जग कळतं म्हणतात. मला त्या प्रवासात एकच गोष्ट कळली, मालती कुणाची ते, आणि ती कळल्यावर त्या रात्री मी अशी झोपले, की सकाळी मेट्रनला स्वतः येऊन उठवावं लागलं.